पाडव्याचं टोकन

"असं कसं म्हणता साहेब? टोकन तर वहिनींनी गुढीपाडव्यालाच दिलंय की," बिल्डर सुकुमार मगदूम म्हणाले आणि त्यांनी समोरची फाइल आमच्याकडे फिरवली.

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. फाइलला एक लहानशी पावती टाचलेली होती. रत्नदीप रेसिडेन्सी, तिसरा मजला, फ्लॅट तीनशे दोन. खाली आईचं नाव आणि रक्कम, एक हजार एकशे एक.

"कोण, शैलजा आली होती इथे?"

"होय की. शेजारच्या कोण काकू होत्या बरोबर. नारळ घेऊन आल्या, पेढे आणले. आमच्या ऑफिसातल्या पोरींनी त्यांचा फोटोपण काढला." मगदूम हसले. "मला वाटलं तुम्हीच पाठवलंय. पाडवा म्हटल्यावर माणसं मुहूर्त धरतातच."

बाबा हसले नाहीत. मीही हसले नाही, कारण आता पुढे काय येणार ते मला तोंडपाठ होतं. गेलं दीड वर्ष आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

बाबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर परिपत्रकं वाचून त्यांची ठाम समजूत झाली होती की जगात दोनच प्रकारची माणसं असतात, नियम वाचणारी आणि नियमाचा मार खाणारी. सांगलीच्या गावभागातलं आमचं भाड्याचं घर दोनदा कृष्णेच्या पुरात गेलं, तेव्हा विश्रामबागेत जरा उंचावर फ्लॅट घ्यायचं ठरलं. पण बांधकाम चालू असताना घेतला तर किमतीवर पाच टक्के जीएसटी. महापालिकेचा कम्प्लिशन दाखला आल्यानंतर घेतला तर ते तयार घर, त्यावर जीएसटी नाही. "मात्र दाखल्याच्या आधी बिल्डरच्या हातावर एक रुपया जरी ठेवला," बाबा तर्जनी वर करून सांगायचे, "तरी सगळ्या रकमेवर पाच टक्के. एक रुपया!" हे त्यांनी केस कापणाऱ्याला सांगितलं, शेजारच्या शेडबाळे काकांना सांगितलं, माझ्याकडे गुडघे घेऊन येणाऱ्या पेशंटना सांगितलं. सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणाऱ्या पेन्शनरांना तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हा नियम सांगता आला असता.

आईला मात्र समोर बसवून त्यांनी तो कधी सांगितला नाही. ती आत चहा करत असायची. कधी तिने विचारलंच, "मग घ्यायचं ना हो घर?" तर उत्तर ठरलेलं होतं. "तू यात पडू नकोस."

आणि त्या पाच टक्क्यांत माझा जीव अडकलेला होता. मी फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याशी पटलं नाही, वर्षभरात माहेरी परत आले आणि मिरजेच्या एका हॉस्पिटलात नोकरी धरली. पगार विचारू नये इतका. स्वतःचा लहानसा दवाखाना काढायचा, दोन कॉट, दोन-चार मशिनं, दारावर माझ्या नावाची पाटी, एवढंच माझं स्वप्न होतं. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला माझा धाकटा भाऊ कौस्तुभ आणि त्याची बायको ऋचा पुण्याहून आले होते. जेवणं झाल्यावर बाबांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "बावन्न लाखांचा फ्लॅट. पाच टक्के म्हणजे दोन लाख साठ हजार. सरकारला जाणारे वाचवले की ते मृदुलेच्या दवाखान्याला." कौस्तुभने टाळ्या वाजवल्या. आईने डोळे पुसले. नवऱ्याच्या घरून आल्यापासून माझ्याबद्दल त्या घरात कुणी आनंदाने काही बोललं असेल तर ते तेव्हा. पुढच्या वर्षी मी शंभर फुटी रस्त्यावर एक गाळा पाहून ठेवला आणि त्याचे मालक भोकरे यांना डिसेंबरअखेर डिपॉझिट देते म्हणून शब्द दिला.

आता नोव्हेंबर होता. दाखला येऊन चार दिवस झाले होते आणि आम्ही व्यवहार करायला मगदुमांच्या ऑफिसात बसलो होतो.

"म्हणजे जीएसटी लागणार?" मी विचारलं.

"लागणार ताई. दाखल्याच्या आधी पैसे आले, पावती फाटली. मी यात लपवाछपवी करत नाही, पुढं माझ्याच मानेवर बसतं."

"अकराशे रुपयांवर दोन लाख साठ हजार?" बाबांचा आवाज चढला.

"अकराशेवर नव्हे साहेब, सगळ्या सौद्यावर. हा नियम मागल्या वर्षी तुम्हीच मला समजावून सांगितला होता." मगदूम हे चिडवायला म्हणाले नव्हते, पण बाबांचे कान लाल झाले.

"मग रद्द करा. तिचे पैसे परत द्या, पावती रद्द करा. आजपासून नवा व्यवहार."

मगदुमांनी खुर्ची पुढे ओढली आणि कॅल्क्युलेटर हातात घेतला. तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले. "मृदुला, तू खाली जा आणि आईला फोन लाव. विचार तिला, कुणाला विचारून दिले म्हणावं."

मी खाली गेले. रस्त्याच्या कडेला एका भडंगवाल्याच्या गाड्यापाशी उभी राहून फोन लावला.

"आई, पाडव्याला तू फ्लॅटचं टोकन दिलंस?"

ती हसली. मनापासून हसली, लहान मुलगी लपलेली सापडल्यावर हसते तशी. "कळलं का? त्या मगदुमांच्या पोटात काही राहत नाही. अगं, कागद होतील त्या दिवशी सांगणार होते मी यांना. शेडबाळे काकू म्हणाल्या, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे, घराची वस्तू अशीच सोडायची नसते. भिशीचे पैसे होते, माझेच. आणि त्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे बघ, ते दुसऱ्या कुणी घेतलं असतं म्हणजे?" मग जरा आवाज खाली आणून तिने विचारलं, "खूश झाले का गं?"

"आई, त्याच्यामुळे टॅक्स लागला. अडीच लाखांच्या वर."

"माझ्या अकराशेवर?"

"सगळ्या घरावर. दाखल्याच्या आधी पैसे द्यायचे नसतात."

मागे कुकरची शिट्टी झाली, तरी तिने गॅस बंद केला नसावा, कारण पाठोपाठ दुसरी झाली. "मग परत मागून घे की," ती म्हणाली. "सांग त्यांना, घरच्या बाईला माहीत नव्हतं. सांग, बाई चुकली म्हणून."

मी परत निघाले तर बाबा जिना उतरत होते. मी विचारलं, "काय म्हणाले? रद्द करतात का?"

"नाही होत रद्द."

"का पण?"

"नाही होत म्हणजे नाही होत. नियमात काहीतरी आहे."

बाबांच्या तोंडून नियमाबद्दल 'काहीतरी' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तेव्हा मला वाटलं, धक्का बसलाय माणसाला.

घरी आल्यावर ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चप्पल काढून ते खुर्चीत बसले आणि आईकडे बघत सावकाश टाळी वाजवली. "शाबास. शाबास, शैलजाबाई."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक तशीच. "मला कुणी सांगितलं नव्हतं हो."

"तुला सांगून कळणार होतं?"

"पाडवा होता. वाटलं, मुहूर्तावर..."

"मुहूर्त! पोरीच्या दवाखान्यावर नांगर फिरवलास तू. मी दीड वर्ष थांबलो, त्या बिल्डरला दारात उभं केलं नाही, आणि तू जाऊन पेढे वाटून आलीस." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आता हिला तोंड दे. मला काही बोलू नकोस."

आईने माझ्याकडे पाहिलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? एवढी वर्षं ज्या बाईने दुधाचा रतीबसुद्धा बाबांना विचारल्याशिवाय बदलला नाही, तिला नेमकं इथेच शहाणपण कुठून सुचलं, असं वाटत होतं. ती मात्र माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "मृदू, मी भरून देईन तुला." भरून देण्यासारखं तिच्याकडे होतं काय?

होतं. चार-पाच दिवसांनी बाबा पेपर वाचत बसले होते, तेव्हा आईने त्यांच्यासमोर आपल्या पाटल्या आणून ठेवल्या. चार तोळ्यांच्या, आजीने लग्नात घातलेल्या. साबण लावून उतरवल्या असणार, मनगटं लाल झाली होती.

"या मोडा," ती म्हणाली. "टॅक्स भरा. आणि हिचे पैसे हिला द्या."

"आई, काहीतरी काय? आत ठेव त्या."

"तू गप्प बस. माझ्या आईने घातल्यात, माझ्या आहेत. चूक माझी तर भरपाई माझी."

बाबा पाटल्यांकडे बराच वेळ बघत राहिले. माझी खात्री होती, आता ते म्हणणार, ठेव आत, एवढंही काही झालं नाही. रागीट असले तरी माझे बाबा तसे माणूस होते, असं मी तोवर धरून चालले होते. त्यांनी पेपरची घडी घातली, पाटल्या उचलल्या आणि म्हणाले, "बघतो."

आठवड्याने टॅक्स भरला गेला. आईने भीतभीत विचारलं, "आणि मृदूचे?"

"जुन्या सोन्यात घट धरतात. टॅक्सलाच पुरलं नाही, वर माझे घातले. दवाखान्याचं पुढच्या वर्षी बघू."

मी भोकऱ्यांना फोन करून गाळा नको म्हणून सांगितलं. ते चांगले होते. "काही अडचण आहे का बाळ?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला रडू आलं. पुढे त्या गाळ्यात केकचं दुकान निघालं. आज माझा स्वतःचा दवाखाना आहे, पण तो बँकेचं कर्ज काढून, कितीतरी उशिरा. मधली वर्षं मी दुसऱ्यांच्या पाटीखाली घालवली.

आईच्या वाट्याला जे आलं ते आणखी वाईट होतं, कारण ते हसत खेळत आलं. बाबांनी त्या टोकनाचा किस्सा केला. येईल त्याला सांगायचे, "आमच्या सौभाग्यवतींनी अकराशे रुपयांत अडीच लाखांचा टॅक्स विकत घेतला. आहे का अशी गृहिणी तुमच्याकडे?" लोक खो खो हसायचे. आई चहाचा ट्रे घेऊन उभी असायची आणि तीही हसायची. शेडबाळे काकूंकडे जाणं तिने सोडलं. भिशी सोडली. बाजारात मेथीची जुडी घेतानासुद्धा मला विचारायला लागली, "घेऊ ना गं?" मला त्या प्रश्नाचा संताप यायचा, आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही.

माघात नव्या घराची वास्तुशांत ठरली. कौस्तुभ आणि ऋचा आदल्या दिवशीच आले. सकाळी स्वयंपाकघरात मी नैवेद्याची पानं पुसत होते आणि ऋचा कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होती. ऋचा सरळ मुलगी, मनात आलेलं ओठावर आणणारी.

"ताई, खरंच बरं वाटलं हे घर बघून," ती म्हणाली. "आमच्या पुण्याच्या फ्लॅटचं पझेशन अजून दोन वर्षं नाही. हप्तेही भरायचे, भाडंही भरायचं. त्यात तो जीएसटी. बाबांनी ऑगस्टमध्ये तो भरला नसता ना, तर आमचं सगळं अडकलं होतं."

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. "बाबांनी भरला? किती?"

"दोन साठ. पाच टक्क्यांतले तेवढेच कमी पडत होते आम्हाला." मग माझा चेहरा बघून तिने सुरी खाली ठेवली. "तुम्हाला माहीत नव्हतं? कौस्तुभ म्हणाला, घरात सगळ्यांना माहीत आहे."

ऑगस्ट. मगदुमांच्या ऑफिसात आम्ही गेलो ते नोव्हेंबरात. म्हणजे आईच्या टोकनावर टॅक्स लागला तेव्हा माझे पैसे पुण्याला जाऊन तीन महिने झाले होते. आईने टोकन दिलं नसतं तरी माझ्या हातात काही पडणार नव्हतं. सरकारला पाच टक्के द्यायचे नाहीत म्हणून दीड वर्ष छाती पुढे काढून फिरणाऱ्या माणसाने ते पाच टक्के गुपचूप भरलेही होते, फक्त मुलाच्या घरावर.

मी बाहेर आले तर मगदूम दारात बूट काढत होते. हातात भिंतीवरच्या घड्याळाचा खोका. मी त्यांना बसवलं. बोलायची इच्छा नव्हती, पण घरी आलेला माणूस.

"वहिनी कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. "त्यांना नमस्कार करायचाय. त्यांच्या हातगुणानं घर मिळालं बघा तुम्हाला."

मला वाटलं, हेही तोच किस्सा काढणार. "पुरे झालं हो आता ते," मी म्हणाले.

"पुरे काय? खरं सांगतोय ताई. याच्या बरोबर वरचा फ्लॅट परवा सत्तावन्नला दिला मी. तुमचा बावन्नला."

"म्हणजे?"

"साहेबांनी सांगितलं नाही? अहो, टोकन पाडव्याचं म्हणून भाव पाडव्याचा. टोकन रद्द केलं असतं तर टॅक्स लागला नसता, पण मग आजच्या भावानं घ्यायचं, सत्तावन्नला. तुम्ही फोनला खाली गेला होता बघा, तेव्हा मी दोन्ही हिशेब साहेबांसमोर मांडले. टॅक्स देऊनसुद्धा वर जवळजवळ अडीच लाख वाचत होते तुमचे. साहेब लगेच म्हणाले, रद्द करू नका, जीएसटी लावा." ते कौतुकाने हसले. "वहिनी आल्या नसत्या तर हे घर काय तुमच्या हाताला लागत नव्हतं."

मी उठले. बाबा पितांबर नेसून गॅलरीत उभे होते. समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या मोजत असल्यासारखे बघत होते. आत गुरुजी कलश मांडत होते. मी मागे दार लोटून घेतलं.

"टोकन रद्द होत होतं," मी म्हणाले.

त्यांनी मागे वळून पाहिलं. मगदूम आलेले त्यांना दिसले होते, त्यामुळे त्यांनी आश्चर्याचं सोंग केलं नाही. "होत होतं. आणि सत्तावन्न लाख मी आणणार होतो कुठून?"

"ते नका सांगू. आईमुळे हे घर मिळालं, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"मृदुला, आज हा विषय नको."

"माझे पैसे ऑगस्टमध्येच कौस्तुभला दिले होते तुम्ही."

आता मात्र ते चपापले. मग आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात, फायलीवर शेरा लिहावा तसे बोलले. "त्याचा बिल्डर व्याज लावत होता. संसार आहे त्याचा. तुला काय सांगायचं होतं मी? भावाला दिले म्हणून सांगितलं असतं तर तू जन्मभर त्याच्याशी बोलली नसतीस. घर फुटलं असतं. त्यापेक्षा हे बरं झालं. आईवर कोण रागावून राहतं? चार दिवसांत माणूस विसरतं."

"आणि ती?"

"तिचं काय? तिला सवय आहे. बोललेलं ती मनावर घेत नाही."

"तिच्या पाटल्या घेतल्यात तुम्ही, बाबा!"

"कमी पडत होते," ते म्हणाले. "आणि तिने आपणहून दिल्या. मी मागितल्या नव्हत्या."

दार मी नीट लावलं नव्हतं. ते उघडलं तेव्हा आई तिथे उभी होती, हातात बाबांचं उपरणं घेऊन. किती वेळ उभी होती ते तिच्या तोंडावरून कळेना. जरीकाठी हिरवी साडी, नाकात नथ, आणि हातात नुसत्या काचेच्या बांगड्या.

"शैला," बाबा म्हणाले. तिला इतक्या हळुवार हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"गुरुजी बोलावताहेत," आई म्हणाली. तिने उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं नाही, गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. "चला. वेळ टळेल."

मी तिच्या मागे धावले. मधल्या खोलीत तिला गाठून म्हणाले, "आई, मी आत्ताच सगळ्यांना सांगते. ऐकू देत सगळ्यांना."

"तू काही सांगायचं नाहीस," ती म्हणाली. "लोक जेवायला आलेत."

ती पुढे गेली आणि पाटावर बसली. बाबा येऊन शेजारी बसले. हॉल माणसांनी भरला होता. बाबांचे फिरायला जाणारे पेन्शनर झाडून सगळे आले होते, शेडबाळे काका-काकू होते, मगदूम होते, ऋचा भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. आईच्या पदराची आणि बाबांच्या उपरण्याची गाठ ऋचानेच मारली. आईने मारू दिली. गुरुजींनी आचमन सांगितलं, तिथी वार म्हटले. संकल्पाची वेळ आली तशी बाबांनी उजवा हात पुढे केला.

"वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा," गुरुजी म्हणाले. "म्हणजे केल्याचं फळ दोघांना."

आईचे हात मांडीवर होते. ती म्हणाली, "नको गुरुजी. माझा हात यांना महाग पडतो."

हॉलमध्ये एकदम हशा पिकला. किस्सा सगळ्यांना माहीत होता. पेन्शनरांपैकी कुणीतरी "वा वहिनी!" म्हणालं. बाबाही हसले, किंवा हसायला गेले. त्यांनी हात आणखी थोडा तिच्या बाजूला सरकवला.

गुरुजीही हसत होते. "चला, लावा आता हात. मुहूर्त जातोय."

आईने हात उचलले नाहीत. ती कलशाकडे बघत होती, बाबांकडे नाही. हसणारे एक एक करून थांबले. कुणीतरी खोकलं. बाबा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "अगं, लोक बघताहेत."

"बघू देत," आई म्हणाली. "गुरुजी, यांचं यांना करू द्या. यांना एकट्यानं करायची सवय आहे."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग कौस्तुभकडे पाहिलं. कौस्तुभने मान खाली घातली होती. मग त्यांनी पळीभर पाणी बाबांच्या एकट्याच्या हातावर सोडलं आणि ते पुढचा मंत्र म्हणू लागले.